उतरायचा दगड

सायकलवर बसायचं कसं, हे मला बाबांनी शिकवलं. उतरायचं कसं, हे शिकवायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. पुढं बत्तीस वर्षं मी नर्सबाई म्हणून या जिल्ह्यात नोकरी केली, शेवटी शेवटी तर सरकारी जीपमध्येही बसले, पण कुणी ‘नोकरीतलं काही सांगा’ म्हटलं की मला ती न उतरण्याचीच गोष्ट आठवते. बढत्या, बदल्या आणि निरोपसमारंभ सगळ्यांचे सारखेच असतात. ते सोडून देते.

बाबा रेल्वेत गँगमन होते. इंजिन चालवणारा सगळ्यांना माहीत असतो, तिकीट तपासणारा तर जरा जास्तच माहीत असतो. गँगमन म्हणजे रुळांची निगा राखणारा. खांद्यावर हातोडा घेऊन सकाळी लाईनवर पायी निघायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या ढिल्या चाव्या ठोकून घट्ट करायच्या, खडी सारखी करायची आणि गाडी आली की बाजूला उभं राहायचं. ज्या गाडीसाठी हे सगळं करायचं तिच्यात बसायची वेळ क्वचित यायची. चुडाव्याच्या स्टेशनाजवळ एका खोलीच्या क्वार्टरात आम्ही बापलेक राहायचो. आई मी लहान असतानाच गेली. दीक्षा घेतल्यावर बाबांनी घरात दोन वस्तू आणल्या होत्या, भगवान बुद्धांची तसबीर आणि माझ्यासाठी पाटी. पाटीचं पुढं काय होतं यावर त्यांचं फार बारीक लक्ष असे.

परभणीला ट्रेनिंग करून बहात्तरच्या दुष्काळानंतर मी नोकरीला लागले. आमच्या पदाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, गावात ते कुणी घेत नसे. नर्सबाई, नाहीतर टोचणीवाली बाई. काम सांगायचं तर असं, की पाच गावं वाटून दिलेली. गरोदर बायांची नोंद ठेवायची, बाळंतपणं करायची, पोरांना टोचायचं, तापाच्या माणसाच्या बोटाचं रक्त काचपट्टीवर घ्यायचं, विहिरीत औषध टाकायचं. आणि या सगळ्याच्या वर एक नियम होता. नर्सबाईनं मुख्य गावात मुक्कामाला राहिलं पाहिजे. नियम बरोबरच होता. बाळंतपण काही ऑफिसची वेळ पाहून येत नाही.

माझं मुख्य गाव चुडाव्यापासून अडीच कोसांवर. त्याचं नाव घेत नाही. आता तिथली माणसं मला दिवाळीला फराळाचा डबा पाठवतात, उगाच कशाला.

खोली मागत मी त्या गावात तीन दिवस हिंडले. कुणी वाकडं बोललं नाही, हे मुद्दाम सांगते. सगळे गोडच बोलले. मारुतीच्या देवळासमोर भागाबाईचं घर होतं. बाई साठीच्या आसपासची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, कामाला वाघीण. घरात मुलगा, सून आणि ती. घराला लागून एक खोली रिकामी होती, तिच्या दाराला कुलूप होतं. मी विचारलं. तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “तुमी गुणाच्या हाव, माय. पर आमच्यात चालत न्हाई. कडबा ठेवायचाय तिथं.”

कडबा ठेवायच्या खोलीला कुलूप लावत नाहीत, एवढं मलाही कळत होतं.

गावाबाहेरच्या आमच्या लोकांच्या वस्तीत मला जागा मिळाली असती. एका खोलीत आठ-आठ माणसं राहणाऱ्या त्या घरांनी ‘या, राहा’ म्हटलंसुद्धा. पण मी तिथं राहिले असते तर बाकीचं गाव माझ्याकडं कधीच आलं नसतं, आणि मी गावाकडं गेले तर ‘तिकडून’ आले असं झालं असतं. म्हणून मी चुडाव्याहूनच जायचं ठरवलं. एसटी होती, पण ती मुक्कामाची. संध्याकाळी गावात जायची आणि सकाळी परत निघायची, म्हणजे माझ्या नेमकी उलटी. पहिले दोन महिने मी चालत गेले. पोचेपर्यंत बाया शेतात गेलेल्या असायच्या. मग मी रिकाम्या घरांच्या कड्या मोजायची.

आरोग्य केंद्राचे डॉक्टर माणूस म्हणून सरळ होते, पण वरून त्यांनाही विचारणा होई. माझं रजिस्टर उघडून ते म्हणाले, “बाई, तुमच्या वहीत बाळंतपणाचं पान कोरं आहे. वर्षाच्या आत तुम्ही कायम व्हायला हव्यात. गावात राहत नाही, निदान वेळेवर पोचत जा. असंच चाललं तर मला तुमच्याबद्दल चांगलं लिहिता येणार नाही.”

हे मी बाबांना सांगितलं. पुढच्या सुट्टीला ते पूर्णेला गेले आणि संध्याकाळी परत आले ते लाईनीच्या कडेकडेनं, हातात एक लेडीज सायकल धरून. पूर्णेत कुणा मास्तरीणबाईंची होती, त्यांची बदली झालेली. बाबांना सायकल येत नव्हती. तिला गाडीत टाकून आणता येतं हे त्यांना सुचलं नाही, आणि सडकेनं यायचं तर सडक त्यांच्या सवयीची नव्हती. पूर्णा ते चुडावा ते तिला हाताला धरून रुळांच्या बाजूनं चालवत घेऊन आले. वाटेत दोन ठिकाणी ढिल्या चाव्याही ठोकल्या म्हणे, हातोडा नव्हता तर दगडानं.

दुसऱ्या दिवसापासून आमची शिकवणी सुरू झाली. ज्याला सायकल येत नाही तो शिकवणार कसा, असं तुम्ही विचाराल. बाबांना रुळावरून चालता येत होतं. अंगठ्याएवढ्या अरुंद वाटणाऱ्या त्या लोखंडावरून ते खांद्यावर हातोडा टाकून फर्लांगभर बोलत बोलत जायचे. त्यांनी तीच विद्या सायकलीला लावली. मागून कॅरेज धरून पळता पळता सांगायचे, “चाकाकडं पाहू नगं, माय. रुळावर चालताना पायाकडं पाहिलं की माणूस पडतंय. लांब पाह. त्या सिग्नलच्या खांबाकडं पाह.” मी खांबाकडं पाहायची आणि सायकल खरोखर सरळ जायची. नऊ दिवसांत मी चालवायला लागले. पांढऱ्या साडीचा काठ दोनदा चेनमध्ये गेला, तेव्हा बाबांनी गँगवरच्या सुतळीनं मागच्या चाकाला जाळी विणून दिली.

आणि थांबायचं? थांबायच्या जागी बाबा लाल झेंडी घेऊन उभे राहायचे. मी जवळ आले की झेंडी बगलेत मारून दोन्ही हातांनी हँडल धरायचे. मी उतरायची. नऊच्या नऊ दिवस हेच. रुळाचं काम निघालं की लाल झेंडी दाखवून गाडी थांबवायची, काम झालं की सोडायची, यातही बाबांचा जन्म गेला होता. गाडी थांबवायची ती बाहेरच्या माणसानं, हे त्यांच्या रक्तात होतं. पुढं मी त्यांना यावरून छेडलं, तर तेव्हाही ते गंभीरपणे म्हणाले, “थांबणं हे गाडीचं काम न्हाई. लाईनवाल्याचं काम हाय.”

या मताचा परिणाम पहिल्याच दिवशी दिसला. शनिवार होता. मी सकाळी साडेसातला गावात शिरले. इतक्या लवकर गावात आलेली मी पहिलीच नर्सबाई असणार, आणि मी फार खुशीत होते. मारुतीच्या देवळापाशी आले तेव्हा लक्षात आलं, की समोर बाबा नाहीत. ब्रेक होते, पण ब्रेक दाबला की सायकल थांबणार आणि मी पडणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. भर चौकात पांढऱ्या साडीत पडायचं नव्हतं. म्हणून मी देवळाभोवती वळले. एक चक्कर झाली, सुचलं नाही. दुसरी झाली. शनिवारची गर्दी, नारळवाले, तेलवाले, सगळे पाहायला लागले. तिसऱ्या फेरीला पारावरचा एक म्हातारा बाजूच्याला म्हणाला, “बाई मारुतीला फेऱ्या घालायल्यात.” आणि मला ओरडून म्हणाला, “पाच घाला बाई, पाच. तीनावर सोडू नका.”

चौथ्या फेरीत मला भागाबाईच्या घरापुढचा दगडी ओटा दिसला. बरोबर माझ्या पायाच्या उंचीचा. पाचवी फेरी पुरी करून मी सायकल त्याला लगटून घेतली, डावा पाय ओट्यावर टेकला आणि थांबले. पारावरच्या लोकांचं समाधान झालं. दुपारी आमच्या वस्तीतल्या एका वडीलधाऱ्यानं बोलावून विचारलं, “बाई, तुमी शिकलेल्या. तुमी मारुतीला फेऱ्या घातल्या म्हणं?” आता मला उतरता येत नाही हे दोन्हीकडं सांगणं माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, “चाकं तपासत होते, मामा.”

पण सांगायचं आहे ते वेगळंच. पाय टेकून मी उतरले, सायकल हातात धरून चावडीकडं निघाले. चावडीच्या पडवीत माझं कपाट होतं. तिथं पोचून सहज मागं पाहिलं, तर भागाबाई घागरीनं ओट्यावर पाणी ओतत होती. रागानं नाही. रोज सकाळी सडा टाकावा तसं, अगदी सावकाश. माझा पाय पडला तिथं दोनदा ओतलं.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, “आज कुठं थांबलीस?”

“एका ओट्यावर पाय टेकला.”

“हां. थांबायचं सांगायचं ऱ्हाऊनच गेलं की मह्याकडून.” असं म्हणून ते हसले. मग म्हणाले, “धुतला आसंल.”

मी भाकरी थापत होते. तव्यावरची उलटली आणि पुढचा गोळा हातात घेतला.

सोमवारी गेले तर ओट्याच्या अलीकडं, हातभर अंतरावर, एक मोठा चौकोनी दगड आणून ठेवलेला. शेताच्या बांधावरचा असावा. भागाबाई दारात उभी होती. म्हणाली, “हितं पाय देत जा, बाई. वट्टा कशाला?” बोलणं गोडच. मी दगडावर पाय टेकला आणि उतरले. खरं सांगते, त्या दिवशी मला चावडीपर्यंतची वाट दिसत नव्हती, डोळ्यांत इतकं पाणी होतं. पण उतरायला जागा तर हवी होती. दुसरीकडं कुठं पडण्यापेक्षा हा अपमान मी पत्करला.

गावानं त्याला नाव दिलं, नर्सबाईचा दगड. आणि हळूहळू त्या दगडाचा असा उपयोग व्हायला लागला, जो ठेवणारीच्या मनात नव्हता. भागाबाईची सून, कमल, दारातून माझ्याकडं बघायची. विशी-बाविशीची, हडकुळी पोर. पहिलं मूल जन्मतानाच गेलेलं, आणि आता पुन्हा दिवस होते. तिला चावडीवर यायला मुभा नव्हती, मला घरात जायला नव्हती. पण दगडावर पाय टेकून सायकलवर बसलेल्या बाईनं दारातल्या बाईशी दोन शब्द बोलायला कुणाची हरकत असणार? मी रोज सकाळी तिथं थांबायची आणि चेन बघितल्यासारखं करत विचारायची, “पायावर सूज आहे का? पोर हलतंय का?” कमल सूप पाखडता पाखडता खाली मान घालून सांगायची. रक्तवाढीच्या लाल गोळ्यांची पुडी मी ओट्यावर न ठेवता दगडावर ठेवायची, कमल ती उचलायची. भागाबाई आत असायची. तिला ऐकू येत नव्हतं असं मला वाटत नाही.

याच काळात एका रविवारी मी उतरायला शिकले. एकटीच, स्टेशनामागच्या मोकळ्या जागेत, दोन्ही गुडघे फोडून घेऊन. बाबा लांबून बघत होते. जमलं तेव्हा म्हणाले, “आता मी झेंडी कुणाला दाखवू?” त्यांना बरंही वाटलं आणि थोडं वाईटही. मला आता कुठंही उतरता येत होतं. पण हे मी त्या गावात कुणाला कळू दिलं नाही. उतरता येतं म्हटल्यावर दगडाशी थांबायचं कारण काय सांगणार, आणि कमलची सूज कोण विचारणार? म्हणून मी रोज इमानदारीनं दगड शोधायची, अडखळायची, पाय टेकायची. बत्तीस वर्षांत मी एवढं सोंग दुसरं केलं नाही.

सायकलीमुळं बाकीच्या चार गावांतही माझ्या वहीतली इतर पानं भरायला लागली. एका गावचा म्हातारा ‘आधी मला सायकलची घंटी वाजवू द्या, मग टोचा’ म्हणायचा. त्याला टोचून झाल्यावरही तो घंटी सोडत नसे. एका गावात बायकांनी माझ्या लाल गोळ्या कुंकवाला रंग चढतो म्हणून करंड्यात खलून ठेवल्या होत्या. मी रागावले, तर त्यातली एक म्हणाली, “रगत वाढवायच्या हायेत ना? कपाळाला लावल्या तरी वाढंल की.” पण बाळंतपणाला मात्र मला कुणी बोलवत नव्हतं. ते काम हलीमाबी दाईचं. म्हातारी, तिचे हात फार चांगले, पण नजर कमी झालेली. गावातलं अर्धं माणूस तिच्या हातांवर आलेलं. मी तिच्याशी भांडण मांडलं नाही. तिला साबण दिला, ब्लेड उकळून घ्यायला शिकवलं. ती मला ‘बेटी’ म्हणायला लागली. वर्ष संपायला दोन महिने राहिले आणि बाळंतपणाचं पान अजून कोरं होतं.

मग श्रावण आला. आमच्याकडची काळी माती ज्यांनी पाहिली नाही त्यांना पावसाळ्यातली सायकल सांगून कळायची नाही. ओली झाली की ती चाकाला धरते, चाक आणि मडगार्डच्या मध्ये ठासून बसते, आणि चाक फिरायचंच बंद होतं. मग काडीनं उकरायचं, दहा पावलं जायचं, पुन्हा उकरायचं. शेवटी सायकल उचलून खांद्यावर घ्यायची. कोरड्या दिवसांत मी सायकलवर आणि ओल्या दिवसांत सायकल माझ्यावर, असा आमचा करार होता. त्या सकाळी रात्रभराचा पाऊस उघडला होता. निम्मी वाट मी सायकल खांद्यावर घेऊन गेले.

गावात शिरले तर भागाबाईचा मुलगा दारात डोक्याला हात लावून बसलेला. आतून कमलचं कण्हणं ऐकू येत होतं. मी सायकल दगडाला टेकवली आणि उभी राहिले. भागाबाई उंबऱ्यात होती. आम्ही दोघी एकमेकींकडं पाहत राहिलो. तेवढ्यात आतून हलीमाबीचा आवाज आला, “भागा, नर्सबाईकू अंदर बुला. मेरे हात का काम नै ये.”

भागाबाई हलली नाही. हलीमाबी पुन्हा म्हणाली, “पैला गया तब बी मैंच थी. अब के मेरे माथे नक्को डाल.”

भागाबाईनं खाली माझ्या पायांकडं पाहिलं. गुडघ्यापर्यंत चिखल होता. ती आत गेली, घागर घेऊन आली आणि माझ्या पायांवर पाणी ओतलं. चिखल धुवायला ओतलं की आणखी कशाला, ते मी तेव्हा विचारलं नाही आणि पुढंही कधी विचारलं नाही. मग ती दारातून बाजूला झाली.

आतलं सगळं सांगत नाही. एवढंच सांगते, की नाळेचे दोन वेढे गळ्याला होते. हलीमाबीच्या बोटांना ते कळले होते, म्हणूनच तिनं हाक मारली. वेढे सोडवले, मूल बाहेर आलं. मुलगा होता. निळा पडलेला, गार, मुका. मी तोंडातला चिकटा नळीनं ओढून काढला, तळपाय चोळले, पाठ चोळली. काही नाही. मग ट्रेनिंगमध्ये बाहुलीवर केलं होतं ते केलं. त्याच्या नाकातोंडावर माझं तोंड ठेवलं आणि गालात मावते तेवढीच हवा हलकेच फुंकली. एकदा, दोनदा, पुन्हा. मागं भागाबाई उभी होती. तिच्या नातवाच्या तोंडाला माझं तोंड लागलेलं तिला दिसत होतं. ती काही म्हणाली असती, तरी मी थांबले नसते.

पोरानं अंग आवळलं, एक उचकी दिली आणि रडायला लागलं. कमल रडायला लागली. हलीमाबीनं पदरानं डोळे पुसले. भागाबाई तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

बाळंतपणाच्या पानावर मी पहिली ओळ लिहिली. ‘कोणी केले’ या रकान्यात माझं नाव लिहिलं. मला कायम व्हायचं होतं. हलीमाबीला विचारलं, तर ती म्हणाली, “लिख तेराच. मेरेकू कौन साब पूछता?” ते खरं होतं, आणि तरी ते बरोबर नव्हतं. तिच्या बोटांना वेढा कळला नसता तर मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले असते. त्या रकान्यात दोन नावं मावली असती, ही खंत मला अजून आहे.

गावात बातमी अशी पसरली, की नर्सबाईनं पोरात सायकलसारखी हवा भरली. पुढचे अकरा दिवस मी रोज बाळ-बाळंतीण बघायला जात होते. दगडावर पाय टेकायचा, उतरायचं, सरळ आत. कुणी अडवलं नाही. मी हुरळून गेले. बाबा मात्र हुरळले नाहीत. म्हणाले, “सोयेर हाय ना घरात?” जन्म झाला की बारा दिवस घराला सोयेर असतं, म्हणजे घरच विटाळलेलं. त्या दिवसांत कुणाचा स्पर्श झाला न झाला सारखंच. शेजारणीनं टोकलं तेव्हा भागाबाईनं हेच उत्तर दिल्याचं माझ्याही कानावर आलं होतं. “सोयेरात सगळं चालतंय.” बाराव्या दिवशी घर सारवणार, गोमूत्र शिंपडणार, बारसं करणार आणि घर पुन्हा पहिल्यासारखं होणार. मग माझं काय होणार, ते बाबांना कळत होतं. मलाही कळत होतं, पण मी ते मनाशी बोलत नव्हते.

बारशाचं बोलावणं मला आलं नाही. त्या दिवशी मी दुसऱ्या गावाला टोचणीला गेले. दिवसभर कुणाला काय टोचलं, ते मला आजही आठवत नाही.

तेराव्या दिवशी वाट वाळली होती. मी सायकलवरून देवळापाशी आले आणि पाहिलं, तर दगड नव्हता. जागा होती, दगडाच्या बुडाखालचं पिवळं गवत होतं, दगड नव्हता. ओटा धुऊन पुसून लख्ख होता आणि त्यावर भागाबाई बसली होती. वाटलं, संपलं. आता इथं थांबूसुद्धा नको म्हणते. मी पायडल मारणं सोडलं, सायकल आपसूक हळू झाली.

“दगड कुठं गेला, भागाबाई?”

“न्हाणीत नेला,” ती म्हणाली. “पोराला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं, तर बूड टेकायला कायतरी पायजे का न्हाई? पाट लय बुटका हुतो.”

“मग मी उतरू कुठं?”

तिनं बसल्या जागी थोडं सरकून घेतलं आणि शेजारी ओट्यावर हात थापटला. “हितं उतर की. वट्टा काय वाहून चाललाय? ये लवकर. पाणी तापलंय, आज तूच घाल त्याला न्हाऊ.”

मला उतरता येत होतं. चौकात, चिखलात, उतारावर, कुठंही येत होतं. तरी मी सायकल ओट्याला लगटून घेतली आणि डावा पाय ओट्यावर, तिच्या शेजारी टेकला. आत जाऊन त्या दगडावर बसले, पोराला पायावर घेतलं आणि न्हाऊ घातलं. कमल पाणी ओतत होती. दगड बसायला बरा होता.

संध्याकाळी मी क्वार्टरात आले तेव्हा बाबा हातपाय धुऊन दारात बसले होते. त्यांनी विचारलं, “आज कुठं थांबलीस?”

“वट्ट्यावर.”

माझ्याकडं न बघता ते म्हणाले, “धुतला?”

“न्हाई.”

बाबा उठले. कोपऱ्यातला पंप घेतला आणि बाहेर गेले. चाकांत हवा होती, सकाळीच त्यांनी भरली होती. तरी ते सायकलीपाशी उकिडवे बसून बराच वेळ हवा भरत राहिले.